कात्री, खळ आणि कपाटाची किल्ली

'हल्लीची मुले वाचत नाहीत,' हे वाक्य पालकसभेत दर वर्षी एकदा तरी ऐकू येते. कोणी मोबाईलला दोष देतो, कोणी टीव्हीला, कोणी अभ्यासक्रमाला. सभा संपते, चहा होतो आणि पुस्तकांचे कपाट होते तसे कुलूपबंद राहते. मुले का वाचत नाहीत याची चर्चा खूप झाली. त्यांना वाचावेसे वाटावे म्हणून हाताशी असलेल्या वस्तूंनी काय करता येईल, याबद्दल आज थोडे लिहावेसे वाटते. काही मुद्दे विश्वस्तांसाठी आहेत, काही पालकांसाठी, आणि बराचसा भाग विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यासाठी.

आधी आपली अडचण नीट समजून घेऊ. बडोद्यातल्या मराठी मुलाला तीन लिप्या सांभाळाव्या लागतात. रस्त्यावरच्या पाट्या, बसची नावे, दुकानांचे फलक गुजरातीत. बरीचशी पुस्तके आणि मोबाईल इंग्रजीत. मराठी उरते ती घरात बोलण्यापुरती आणि मराठीच्या तासापुरती. गुजरातीत अक्षरांवर रेघ नाही, आणि क, ख, च, ज, झ, अ यांची वळणे निराळी आहेत. त्यामुळे घरी आजीशी अस्खलित मराठी बोलणारे मूल मराठी गोष्ट वाचायला बसले की अडखळते. अडखळले की कंटाळते आणि पुस्तक मिटते. हे मूल आळशी नाही, ढ तर मुळीच नाही. त्याच्या डोळ्यांना या अक्षरांची पुरेशी सवय झालेली नाही, इतकेच. ही सवय हसतखेळत लागली नाही, तर दहा-पंधरा वर्षांनी आपल्याकडे मराठी बोलणारी घरे असतील, पण मराठी वाचणारी नसतील. आजोबांच्या ट्रंकेतली पत्रे नातवंडांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतील.

या सवयीसाठी हस्तकलेचा फार चांगला उपयोग होतो. कल्पना जुनीच आहे. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा परदेशी धर्तीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, गोटे, पाने, बिया अशा आसपासच्या वस्तूंतून शिक्षणाची साधने उभी केली. स्वस्त साधन म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण, असे मानणाऱ्यांनी ताराबाईंचे काम जरूर अभ्यासावे. आपल्या काळात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून तेच दाखवून दिले आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली कृती एका कागदाच्या पुस्तकाची. ए-फोर आकाराचा कोरा कागद असा दुमडा की आठ सारखे चौकोन पडतील. वर चार, खाली चार. कागद उघडा, आडवा ठेवा आणि मधल्या लांब घडीवर फक्त मधल्या दोन चौकोनांच्या रुंदीएवढा काप द्या. मग कागद त्याच लांब घडीवर दुमडून दोन्ही टोके एकमेकांकडे ढकला. कापाची फट उघडेल, घड्या जुळवल्या की मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून आठ पानांचे पुस्तक तयार. ना टाका, ना डिंक. पाचशे कागदांचे रीम तीनशे रुपयांच्या आसपास येते, म्हणजे एक पुस्तक साठ पैशांत पडले. मुलाने त्यात आजीकडून ऐकलेली गोष्ट लिहावी, चित्रे काढावीत आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून स्वतःचे नाव घालावे. नंतर पुस्तके अदलाबदल करावीत. दुसऱ्याचे पुस्तक कंटाळवाणे वाटणारे मूलसुद्धा शेजारच्या बाकावरच्या मित्राने लिहिलेले पुस्तक वाचल्याशिवाय राहत नाही.

दुसरी कृती जोडाक्षरांची. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक किती? एकात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. अर्थात मात्र समुद्राइतका आणि डोंगराइतका फरक. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद मधोमध दुमडावा, वरच्या बाजूला दोन झडपा कापाव्यात. एकीवर 'दर्या' लिहावे, झडप उघडली की आत लाटा. दुसरीवर 'दऱ्या', आत डोंगर. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोडीत एका झडपेखाली गुरुजी निघतात आणि दुसरीखाली झारा घेतलेला स्वयंपाकी. पाठ्यपुस्तकातला नियम दहा वेळा लिहून जे डोक्यात शिरत नाही, ते झडप उघडताना हसत हसत लक्षात राहते. लग्नपत्रिका तर आपल्या घरोघरी गठ्ठ्याने पडलेल्या असतात. देवाचे चित्र असलेला भाग आदराने बाजूला काढून ठेवा, बाकीचा शाळेत पाठवा.

तिसरी कृती खास आपल्या गावची. उत्तरायण झाले की अगाशीवर, झाडांवर, तारांवर फाटक्या पतंगांचा खच पडतो. तारांवरचे नकोत, त्यांना हातही लावू नका. अगाशीवरचे पतंग मात्र गोळा करा. त्यांच्या बांबूच्या कामट्या बाहुल्यांच्या काठ्या म्हणून चालतात आणि पातळ कागदाचे तुकडे खळीने जोडले की सावल्यांच्या खेळाचा पडदा होतो. खळ घरीच करा, मैदा आणि पाणी शिजवून. मागून विजेरी लावावी, पुठ्ठ्याची पात्रे नाचवावीत. दोघे बाहुल्या धरतात आणि दोघे पुस्तकातून गोष्ट मोठ्याने वाचतात. वाचणारा अडखळला तर बाहुली हवेत तशीच थांबते आणि सगळा वर्ग हसतो. त्यामुळे वाचणारा घरून चार वेळा वाचून येतो. शिक्षकांना सांगावे लागत नाही.

चौथी कृती थोडी मोठी, पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि गात गात कथा सांगायची. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आपण जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरची कोरी पाठ वापरू शकतो. ज्यांची पाठ मजकुराने भरलेली असते ती कॅलेंडरे मात्र कापू नका, तो मजकूर वाचण्यासाठीच असतो. एक गोष्ट, आठ चित्रे, आठ मुले. प्रत्येकाने आपल्या चित्रापुरता मजकूर चार ओळींत लिहायचा. त्यासाठी मूळ गोष्ट आधी नीट वाचावी लागते, नाही तर आठ चित्रांचा मेळ बसत नाही.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी पुस्तकांवर आधारित हस्तकला स्पर्धेत मी परीक्षक म्हणून बसले होते. थर्माकोलचा किल्ला, आत दिवे, कापसाचे धुके. पहिले बक्षीस आम्ही त्यालाच दिले. बक्षीस घेऊन निघालेल्या मुलाला मी सहज विचारले, 'गोष्टीत पुढे काय होते रे?' तो आईकडे बघू लागला. किल्ला आईने रात्री जागून केला होता आणि पुस्तक दोघांपैकी कोणीच पुरते वाचले नव्हते. चूक मुलाची नव्हती, आईचीही नव्हती. बक्षीस किल्ल्याला ठेवल्यावर सगळे किल्ल्याच्याच मागे लागणार. चूक आम्हा परीक्षकांची होती. त्या दिवसापासून माझे मत ठाम झाले आहे. वाचनाच्या हस्तकलेला बक्षीस नको, आणि घरून करून आणणे तर नकोच. वाकडे कापलेले, डिंकाने बरबटलेले, पण मुलाने स्वतः केलेले चालेल. ज्या कृतीच्या शेवटी मूल काही वाचत नाही, ती कृती चित्रकलेच्या तासाला करावी.

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायचा की कागद कापत बसायचे? शंका रास्त आहे. म्हणून मी रोजचा तास मागत नाही. शनिवारचा एक तास पुरे. १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांची जयंती महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात, २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. दोन्ही दिवस चांगले आहेत. पण वर्षातून दोन दिवस जेवून कोणी बाळसे धरत नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. या शहराला वाचनाचा मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. महाराजांनी पुस्तके खेड्यांतल्या वाचकांपर्यंत नेली, आणि आपल्याला ती कपाटापासून वर्गापर्यंत नेणे जमत नाही! प्रत्येक वर्गाला चपलांच्या खोक्यांतून वीस-वीस पुस्तके द्या. खोक्याला मुलेच रंगीत कागद लावतील आणि नोंदवहीही तीच ठेवतील. महिन्याने खोकी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात फिरवा. मुले पुस्तके फाडतील, ही भीती मला मान्य आहे. काही फाटतीलही. पण हात लागलेले पुस्तक चिकटवता येते. वर्षानुवर्षे हात न लागलेल्या पुस्तकाला कसर लागते, त्याला कुठलीच खळ उपयोगी पडत नाही.

नवी पुस्तके घ्यायला पैसे नसतील तरी अडत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात, छापूनही घेता येतात.

पालकहो, तुमच्याकडे मागणे फक्त दहा मिनिटांचे आहे. मुलाने साठ पैशांचे पुस्तक घरी आणले की हातातले काम ठेवून ते त्याच्याकडून वाचून घ्या. चुका काढू नका. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना पुढे बसवा. आणि विद्यार्थीमित्रांनो, येत्या शनिवारी एक कागद, एक पेन्सिल आणि घरातल्या कोणाकडून तरी ऐकलेली एक गोष्ट घेऊन या. कात्री आणि खळ शाळा देईल. कपाटाची किल्ली विश्वस्त देतील, अशी मला आशा आहे.