टेप आशाताईंच्या पिशवीत आहेच

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म गावातल्या आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना, भरायचा असतो. त्याचं नाव ‘सीबॅक’. तंबाखू खाता का, रोज दारू पिता का, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंगमेहनत होते का, आईवडिलांना साखर किंवा बीपी होतं का, असे त्यातले प्रश्न. मग टेप काढून कमरेचा घेर मोजायचा. बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाचा ९०च्या वर गेला की गुण मिळू लागतात. बेरीज चारच्या पुढे गेली, की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. वजनाबद्दलचं बोलणं बहुधा तिथेच संपतं.

ठाणे जिल्ह्यातलं शहापूर-मुरबाड म्हटलं की आठवतं ते कुपोषण. इथल्या आदिवासी पाड्यांवरच्या गरोदर मातांसाठी सरकारला अमृत आहार योजना चालवावी लागते. अशा ठिकाणी लठ्ठपणाची चर्चा म्हणजे शहरी चोचले, असं कुणालाही वाटेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम पाहिलं, तर ही दोन दुखणी एकाच घरातली निघतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर महिलांचा अभ्यास त्यांनी १९९३मध्ये सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. हातपाय काटकुळे, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे आज पाड्यावर वजनात कमी भरणारं बाळ हाच चाळिशीतल्या सुटलेल्या पोटाचा आणि साखरेचा उमेदवार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही (२०१९-२१) देशातल्या १८.७ टक्के महिला कृश आणि २४ टक्के जाड, असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारीच छापलेले आहेत.

मधल्या काळात गावही बदललं. आवणीचे दिवस सोडले तर शेतात वाकणं कमी झालं. आसनगावहून पहाटेची लोकल पकडणारा माणूस दिवसभर बसून काम करतो आणि रात्री उशिरा ताटभर भात खातो. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं. नागली आणि वरई मात्र ताटातून मागे सरकली. त्यात अंग भरलं की ‘खात्यापित्या घरची’ म्हणून कौतुकच होतं. अशा माणसाच्या हाती ओट्स आणि सॅलडचा तक्ता देऊन काय होणार?

समुपदेशनाचा उपयोग मात्र होतो, हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जीवनशैली बदललेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या २००६मधल्या भारतीय अभ्यासात आहार-व्यायामाच्या सल्ल्याने २८.५ टक्के घट झाली. अमेरिकेतल्या प्रयोगाची गंमत तक्त्यात नव्हती. प्रत्येकाला समोर बसवून सोळा धडे दिले गेले आणि पुढेही पाठपुरावा होत राहिला.

महाराष्ट्राला अशा पाठपुराव्याची चव मिळाली ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण, या त्यांच्या सूत्रावर डॉक्टरांत मतभेद आहेत. तरी ते घरोघरी पोचलं, कारण सल्ला फुकट होता आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारपूस करत होतं.

शहापूर-मुरबाडमध्ये विचारपूस करणारं माणूस शोधावं लागत नाही. पाड्यावरच्या बाईला तिच्याच बोलीत ‘भात एक वाढी कमी कर, डाळ आणि शेवळं-टाकळ्याची भाजी वाढव’ हे आशाताईच सांगू शकतात. चाकरमान्याला स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जाण्याचा हिशेब त्याच घालून देऊ शकतात. महिन्याने टेप पुन्हा लावायला त्यांनाच जाता येतं, आणि बचत गटाची बैठक हा त्यासाठी तयार वर्ग आहे.

पण सीबॅकच्या एका फॉर्मचे आशाताईंना १० रुपये ठरलेले आहेत, आणि सोळा भेटी दहा रुपयांत होत नाहीत. जिल्हा परिषदेने डोळखांब आणि सरळगाव या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांपुरतं वर्षभर प्रत्येक पाठपुरावा भेटीचं वेगळं मानधन द्यावं, घेर आणि साखर यांची नोंद ठेवावी आणि वर्षअखेरीस ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.