जत्रेतून वाट काढणारं औषध



जानेवारी १९२२. कॅनडातल्या टोरांटोच्या एका रुग्णालयात चौदा वर्षांचा लेनर्ड थॉम्प्सन अंथरुणाला खिळला होता. वजन जेमतेम २९ किलो! त्याला मधुमेह होता आणि तेव्हा या आजारावर औषधच नव्हतं.

११ तारखेला त्याला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला. बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी मोठ्या कष्टानं काढलेला. रक्तातली साखर थोडीशी उतरली, पण टोचलं तिथे गळू झालं. इंजेक्शनं थांबवावी लागली. त्या अर्कात इन्सुलिन होतं बरं का! पण बरोबर नको ती प्रथिनंही होती.

मग जेम्स कॉलिप कामाला लागले. अर्कात अल्कोहोल वाढवत नेलं, तर एका टप्प्याला इतर प्रथिनं तळाशी बसतात आणि इन्सुलिन विरघळलेलंच राहतं, हे त्यांना आढळलं. तो गाळ काढून टाकायचा, अल्कोहोल आणखी वाढवायचं, की इन्सुलिनही खाली बसतं! २३ जानेवारीला हा स्वच्छ अर्क लेनर्डला दिला आणि साखर झपाट्यानं उतरली. पुढे तो तेरा वर्षं जगला.

१९७८मध्ये शास्त्रज्ञांनी जीवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं. १९८२पासून ते बाजारात आलं. आता गुरांची गरज नाही, म्हणजे प्रश्न सुटला? छे! जीवाणूच्या पोटात त्याची स्वतःची हजारो प्रथिनं असतात. त्याच्या भिंतीचे कण रक्तात गेले, तर अगदी थोडेसेही ताप आणतात. म्हणून अशा औषधांच्या खर्चाचा मोठा वाटा शुद्धीकरणावरच जातो.

आधी जीवाणू फोडतात. मग दुधातून मलई वेगळी करणाऱ्या यंत्रासारखं गरगर फिरवून जड भाग खाली बसवतात. खरी गंमत पुढे आहे. बारीक मण्यांनी ठासून भरलेल्या उंच नळीतून ते मिश्रण सोडतात. समजा, तुमचा अख्खा वर्ग जत्रेत शिरला. कुणी भेळेपाशी रेंगाळेल, कुणी पाळण्यापाशी, कुणी सरळ चालत सुटेल. पलीकडच्या टोकाला सगळे एकदम पोचतील का? नळीतही तसंच होतं. जो पदार्थ मण्यांना जास्त चिकटतो, तो मागे राहतो. वेगवेगळ्या मण्यांच्या अशा नळ्यांतून पुन्हा पुन्हा नेलं, की एखाददुसऱ्या अणूनं चुकलेलं इन्सुलिनसुद्धा बाजूला काढता येतं.

ही युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. खडूच्या भुकटीतून पानांचा रस सोडून त्यांनी त्यातले रंग वेगळे केले. आणि त्स्वेत म्हणजे रशियन भाषेत रंगच! आहे की नाही मजा?

तुम्हीही करून पाहा. पांढऱ्या खडूवर, तळापासून बोटभर वर, काळ्या स्केचपेननं गोल रेघ ओढा. बशीत थोडंसं पाणी घेऊन खडू उभा करा. रेघ मात्र पाण्याच्या वरच हवी. पाणी चढू लागलं, की काळ्यातून एकेक रंग निघेल. कोणता सर्वांत पुढे पळाला, ते वहीत लिहा. मैत्रिणीच्या पेनमधून कदाचित वेगळेच रंग निघतील!