विहिरीचे पाणी आणि रसायनाचा तास

यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत हातपंपाचे पाणी दिसावयास निर्मळ आणि चवीस निर्दोष असते. परंतु तेच वर्षानुवर्षे पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग उमटतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. खडकांतील खनिजांमधून पाण्यात उतरणारे फ्लुओराइड हे त्याचे कारण होय. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही भारतीय मानकाने घातलेली त्याची शेवटची मर्यादा. काळजी घेणारी माता पाणी उकळते. परंतु उकळल्याने जंतू मरतात, फ्लुओराइड जात नाही. उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. एवढे तिला सांगणे तिच्या दहावीतल्या मुलास साधत नसेल, तर आवर्तसारणीत फ्लुओरीन कोठे बसते हे त्याने घोकून काय मिळविले?

अशाने शास्त्र पातळ होईल, अशी शंका काही विद्वान घेतात. ती अनाठायी आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत अशा पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळतात. तळाशी बसणाऱ्या साक्याबरोबर बरेचसे फ्लुओराइड निघून जाते. आयन, संहती, अवक्षेप हा सारा पाठ त्या एका पिंपात सामावला आहे. शिवाय तुरटी किती घालावी, साका कोठे टाकावा आणि खर्च कोणी सोसावा, हे प्रश्नही तेथेच उभे राहतात. विद्यार्थी तेथे नुसता परीक्षार्थी राहत नाही, नागरिक होतो.

हे स्वप्नरंजन नव्हे. मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुले प्रयोगांतून आणि परिसरातून विज्ञान शिकत, आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची त्यांना मुभा असे. शासनाने 2002 साली तो बंद केला. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुन्हा पुरस्कार केला आहे खरा; पण प्रश्नपत्रिका व्याख्याच विचारीत राहिली, तर वर्ग विहिरीवर नेणारा शिक्षक वेळ दवडणारा ठरेल. त्याला तसे ठरविण्यात गुणांच्या टक्केवारीवर डोळा ठेवणारे आम्ही सुशिक्षित पालकही सामील आहोत. तेव्हा सुधारणेचा आरंभ पाठ्यपुस्तकापासून नव्हे, प्रश्नपत्रिकेपासून झाला पाहिजे. गावच्या पाण्याचा तपासणी-अहवाल पुढे ठेवून ‘हे पाणी प्यावे काय?’ असा प्रश्न परीक्षेत विचारला जाईल, त्या दिवशी तो वर्गातही आपोआप शिकविला जाईल.