घाटात रेंज गेली, तरी गाडी नकाशावर!



चोर्ला घाटातून गोव्याला गेलेल्या माणसाचा फोन लागेना, की आमच्या कंग्राळीत घरोघरी एकच प्रश्न: "कुठवर पोचले असतील?" गंमत म्हणजे, त्याच्या खिशातल्या फोनला ते नेमकं ठाऊक असतं. जीपीएसच्या उपग्रहांचे संकेत ऐकून फोन आपली जागा काढतो. त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो ती जागा घरच्यांना सांगायला. म्हणजे अडचण कळण्याची नाही, कळवण्याची आहे.

ही कळवण्याची सोय हॅम रेडिओवाल्यांनी आपल्याकडे मोबाइल यायच्या आधीच केली होती. तिचं नाव एपीआरएस. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी 1982 मध्ये जहाजांच्या जागा नकाशावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. 1984 मध्ये शंभर मैलांच्या घोडदौडीत घोडे कुठवर आलेत हे कळायला त्याची सुधारित आवृत्ती वापरली. ब्रुनिंगा 2022 मध्ये गेले. त्यांची पद्धत जगभर चालू आहे.

गाडीत तीन वस्तू हव्यात: जीपीएस, छोटा मोडेम आणि 144 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला वायरलेस सेट. मोडेम अक्षांश-रेखांश, वेग, दिशा आणि परवानाधारकाचं कॉलसाइन यांचं एक पाकीट बांधतो आणि 1200 व 2200 हर्ट्झच्या दोन सुरांत सोडून देतो. कानाला सेकंदभर नुसतं 'खर्रर्र' ऐकू येतं. उंचावरचा डिजिपीटर ते ऐकून जोरात पुन्हा सांगतो. जवळ इंटरनेट असलेलं केंद्र असेल, तर गाडी जगाच्या नकाशावर दिसते. सरळ रस्त्यावर पाकिटं सावकाश जातात, वळण आलं की लगेच जातात. घाटासाठी हे छानच!

मर्यादाही आहेत. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे खोल दरीत डोंगर आडवा येतो. पाकीट हरवलं तर हरवलं, पुढच्याची वाट पाहायची. मजकूर गुप्त ठेवता येत नाही, म्हणजे तुमची गाडी कुणालाही दिसेल. आणि हॅम परवान्यावर धंदा चालत नाही; ट्रकमालकांनी आपली नेहमीची सेवाच घ्यावी.

मग एवढा खटाटोप कशाला? ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. अशा पुरात वीज गेली, टॉवर बंद पडला, तर बोट कुठल्या गल्लीत आहे आणि रुग्णवाहिका कुठे अडकली, हे कोण सांगणार? एपीआरएसला इंटरनेट असलंच पाहिजे असं नाही. बॅटरीवरचा एक सेट आणि आधीच नकाशे भरून ठेवलेला लॅपटॉप असला, की मदत केंद्रातच सगळ्या जागा दिसतात.

हे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचंही नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी हॅम मंडळींचे निरोप पोचवणारा 'स्वयम्' उपग्रह बनवला आणि तो 22 जून 2016 रोजी इस्रोनं सोडला. हॅमची सरकारी परीक्षा तर बाराव्या वर्षापासून देता येते. बेळगाव-निपाणी पट्ट्यात गावागणिक दोन परवानाधारक तयार झाले, तरी पुष्कळ. मात्र ही तयारी उन्हाळ्यातच व्हायला हवी. नदी पात्राबाहेर आल्यावर कुणी परीक्षेला बसत नाही!