आधी टेबल दाखव!

एस्क्यूएल जरा बरं येतं असा एकदा बोभाटा झाला की सबमिशनच्या आठवड्यात माणसाची काही धडगत नसते. मी सुट्टीत तळोद्याला घरी असलो तरी मोबाईलवर फोटो येतच राहतात. स्क्रीनचा तिरपा काढलेला फोटो, त्यात अर्धी क्वेरी, अर्धा ट्यूबलाइटचा उजेड आणि खाली एकच ओळ : "दादा, चालत नाहीये. लगेच सांग ना!"

आणि मित्रांनो, आपण लगेच सांगतोही! टेबल पाहिलेलं नाही, समोरच्याला नेमकं काय हवंय ते माहीत नाही, तरी क्वेरी ठोकून देतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझं स्पष्ट मत आहे की अशी तयार क्वेरी पाठवणं ही मदत नव्हे. एरर आली तर निदान कळतं तरी. खरा घात करते ती एरर न देता चुकीचं उत्तर देणारी क्वेरी.

उदाहरण आमच्याच जिल्ह्याचं घ्या. नंदुरबार जिल्ह्यात तालुके सहा : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. एका ज्युनियरने प्रोजेक्टसाठी दोन टेबलं बनवली होती. एकात तालुक्यांची लोकसंख्या, दुसऱ्यात शाळा. तालुक्याच्या नावावर जॉइन केलं, क्वेरी झक्क चालली, आणि ओळी आल्या चार! त्याचा प्रश्न मात्र भलताच होता, "दादा, बेरीज कशी करू?" मी म्हटलं, बेरजेचं नंतर बघू, आधी टेबलं दाखव.

अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण धडगाव. त्यामुळे एका टेबलात 'अक्राणी' आणि दुसऱ्यात 'धडगाव'. आमचं गाव जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांतून आलेलं म्हणून एकीकडे 'तळोदे', दुसरीकडे 'तळोदा'. साधा इनर जॉइन दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी दाखवतो, बाकीच्या गुपचूप गाळतो. म्हणजे बेरीज मी सांगितली असती तर 'जिल्ह्याची एकूण लोकसंख्या' या मथळ्याखाली दोन अख्खे तालुके गायब! पुण्याचं नाव गळालं तर दहा जण ओरडतील. धडगाव गळालं तर कोण ओरडणार?

लेफ्ट जॉइन केल्यावर सहाही ओळी आल्या आणि दोन ठिकाणी शाळांच्या जागी 'नल' दिसलं. मग नावं सोडून तालुक्यांचे कोड वापरले. पण अक्राणी आणि धडगाव हे एकच, हे क्वेरी बघून कळत नाही हो, त्या भागातल्या माणसाला विचारावं लागतं. तसंच १९९१ च्या जनगणनेत 'नंदुरबार' जिल्हा शोधणाऱ्याचं. उत्तर शून्य ओळी! कारण आमचा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तोच मुळी १ जुलै १९९८ ला. आता चॅटजीपीटीसारखी साधनं आलीत, क्वेरी सेकंदात हातात. पण टेबल न दाखवता विचारलं तर तेही बिचारं उंटावरच बसलेलं.

दुसरी गंमत भाषेची. १९७० मध्ये कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं आणि १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावर 'सीक्वल' नावाची भाषा काढली, तीच पुढे एस्क्यूएल झाली. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते मशीन बघेल, असा तिचा बाणा. पण काय हवं तेच आपल्याला धड सांगता येत नसेल तर? आपण बोलतो, "तळोदा आणि शहाद्याची मुलं दे." पोरगं इमानदारीत 'गाव तळोदा अँड गाव शहादा' लिहितं आणि रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतं. अरे, एका ओळीत गाव एकच असतं, ते एकाच वेळी तळोदा आणि शहादा कसं असेल? बोलण्यातला 'आणि' इथे 'ऑर' होतो. म्हणून मी हल्ली सांगतो, हवं ते आधी मराठीत एका वाक्यात लिही. ते वाक्यच लटपटलं तर क्वेरी काय सरळ येणार!

'नल'चं तर विचारूच नका. शिष्यवृत्तीचा फॉर्म न भरलेली मुलं शोधायची म्हणून 'नॉट इन' लावलं आणि आतल्या यादीत एक जरी रोल नंबर 'नल' असला की उत्तर शून्य. कारण अमुक नंबर त्या 'नल'पेक्षा वेगळा आहे का, याचं उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही, ते 'माहीत नाही' असं येतं आणि ओळ गळते. बघणारा समजतो, वा, सगळ्यांनी फॉर्म भरले! 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं की प्रश्न सुटतो, पण त्या रिकाम्या जागा दिसायला टेबलच बघायला हवं ना?

मात्र 'टेबल दाखव' म्हटल्यावर काही महाभाग अख्खी यादीच पाठवतात. खरी नावं, मोबाईल नंबर, आधार नंबर, सगळं! आधारचे पहिले नंबर वाटले गेले ते आमच्या शेजारच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. नावावरून माणूस नक्की ओळखता येत नाही, म्हणून तर हा बारा आकडी नंबर. जो नंबर माणसाला एवढा पक्का चिकटतो तो मला कशाला पाठवता? मला कॉलमची नावं हवीत, माणसांची नकोत.

यावर काहीजण वैतागतात. रात्री बाराला एवढी चौकशी कोण करत बसणार, उद्या व्हायवा आहे, क्वेरी दे आणि मोकळा हो! व्हायव्हात सर "इथे लेफ्टच का?" असं विचारणार, तेव्हा मी काही शेजारी उभा नसणार. शिवाय खरं सांगू का, चौकशीला पाच मिनिटं लागतात, अंदाजाच्या क्वेऱ्या पाठवण्यात मात्र एक वाजतो.

तेव्हा मला विचारायचं असेल तर टेबलाची रचना, स्वतः बनवलेल्या पाच खोट्या ओळी, आणि त्या पाच ओळींवरून यायला हवं ते उत्तर वहीत हाताने लिहून त्याचा फोटो. निम्म्या वेळा तो फोटो येतच नाही. लिहिता लिहिता त्याचं त्यालाच सापडलेलं असतं.