रात्री आठचा हिशेब

देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा, वायू आणि डिझेल सोडून उरलेल्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेल्याची घोषणा केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये केली. आंतरराष्ट्रीय हवामान करारात त्यासाठी आपण 2030 ची मुदत सांगितली होती. उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले, आणि त्याचा आनंद रास्त आहे. राजस्थान-गुजरातच्या माळांवर दशकभरात जे उभे राहिले ते खरोखर मोठे काम आहे.

पण पेऱ्याखालचे क्षेत्र वेगळे आणि खळ्यावर आलेले धान्य वेगळे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण 16 ते 20 लाख युनिटे देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच नेहमीच्या भारावर चालला तर 60 लाखांच्या आसपास. म्हणून क्षमतेतला वाटा निम्म्यावर जाऊनही देशात वापरल्या जाणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन आजही कोळशाचीच आहेत. 2024-25 मध्ये देशातील कोळशाचे उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढे गेले, इतिहासात पहिल्यांदाच. त्याचीही घोषणा झाली, तितक्याच अभिमानाने. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत.

एका युनिटासाठी आपल्याकडच्या केंद्रात साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. दीड टनी एसी तासभर चालवला आणि त्याने दीड युनिट घेतले, तर किलोभर कोळसा संपला. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के, म्हणजे त्या एका तासाची राखच तीन-चारशे ग्रॅम भरते. ती मुंबई-पुण्यात पडत नाही. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्राच्या आसपास, कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या तलावांत पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना दारे-खिडक्या लावून बसणारी, सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी पुन्हा काळा थर पाहणारी माणसे राज्याच्या संध्याकाळच्या विजेची खरी किंमत चुकवत आहेत. चंद्रपूरचे नाव अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत 2009 मध्येच आले होते. औष्णिक केंद्रांनी गंधकाचा धूर रोखणारी यंत्रणा बसवावी, हा नियम डिसेंबर 2015 चा. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातील बहुतांश केंद्रांना त्यातून सूटच देण्यात आली. निम्म्या क्षमतेचा गौरव झाला तो हाच महिना. विदर्भातल्या लोकांनी यातून काय समजायचे?

कोळसा उद्या बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. भारतात दरडोई कर्बवायू उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. दरडोई विजेचा वापरही जागतिक सरासरीच्या निम्म्याखालीच आहे. आपल्याला आणखी वीज लागणार आहे, आणि ती मिळाली पाहिजे. पण एकूण उत्सर्जनात आपण चीन आणि अमेरिकेनंतर तिसरे आहोत, आणि आज मंजूर होणारा कोळशाचा संच पुढची तीस-चाळीस वर्षे धूर सोडणार आहे. तो मंजूर करताना एकच कारण दिले जाते: सूर्य मावळल्यावर काय?

कारण खोटे नाही. सात वाजता घराघरात दिवे-पंखे लागतात, दुकाने उजळतात, आणि सौरवीज शून्यावर आलेली असते. त्यातून आणखी एक पेच तयार होतो. कोळशाचा संच बटण दाबले की सुरू होत नाही. रात्री तो हवा असेल तर दुपारीही किमान 55 टक्के भारावर पेटता ठेवावा लागतो. म्हणजे भर उन्हात वीज उदंड असतानाही कोळसा जळतच राहतो, आणि 2025 मध्ये राजस्थानात घडले तसे सौर प्रकल्पांना निर्मिती थांबवायला सांगितले जाते, कारण वाहून न्यायला वाहिन्याही पुरेशा नाहीत. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, पारेषण वाहिनीला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो.

तेव्हा प्रश्न साठवणुकीचा आहे, आणि तिथेच आपण सर्वांत मागे आहोत. निम्म्या क्षमतेची घोषणा झाली तेव्हा देशात चालू असलेली बॅटरी-साठवण एक हजार मेगावॉटचीही नव्हती. 2022 च्या निविदेत साठवणुकीचा दर मेगावॉटला महिन्याला 10 लाखांच्या वर होता. तीनच वर्षांत तो अडीच लाखांच्या खाली आला. परवडत नाही, हे उत्तर आता चालणार नाही. महाराष्ट्राला तर हे नवे नाही. घाटघरला 2008 पासून 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: स्वस्त विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. कोयनेचे 1,960 मेगावॉटही संध्याकाळच्या मागणीला धावून येतात, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला पाणीवाटप लवादाने 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. एकदा सोडलेले ते पाणी वसिष्ठीतून समुद्राला मिळते. घाटघरचे तेच पाणी पुन्हा वर येते. सह्याद्रीत असे प्रकल्प वाढवायचे तर आधी असलेल्या धरणांच्या जोड्या शोधाव्यात. जंगल बुडवून केलेली साठवण आम्हाला नको.

आणि सर्वांत स्वस्त उपाय शेतात आहे. जो पंप रात्री दोनऐवजी दुपारी दोनला चालतो, त्याला साठवणूकच लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हा गाभा आहे. बिबट्या-सापाच्या भीतीत रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची सुटका आणि कोळशाची बचत एकाच वाहिनीवर होते. या योजनेला जागा आणि जोडणी मिळण्यात होणारी प्रत्येक दिरंगाई म्हणजे चंद्रपुरात जास्तीचा जळणारा कोळसा, हे महावितरण आणि जिल्हा प्रशासनाने ध्यानात ठेवावे.

केंद्राने यापुढे स्थापित मेगावॉटच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा दर महिन्याला, राज्यवार जाहीर करावा: रात्री आठ वाजता पुरवलेल्या विजेत कोळशाचा वाटा किती होता. महाराष्ट्राने त्याची वाट न पाहता स्वतःपासून सुरुवात करावी. ती आकडेवारी राज्याच्या भार प्रेषण केंद्रात मिनिटामिनिटाला नोंदली जात असतेच.