तुटलेल्या हातावरून स्त्री की पुरुष? मोजमापाचा आधार आणि मर्यादा

लातूर/नांदेड : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. भर पावसात, रोगराईच्या धास्तीने प्रेतांना सामुदायिक अग्नी द्यावा लागला. ओळख पटविण्यास उसंतच नव्हती. जुलै २०२४ मध्ये केरळातील वायनाडला दरड कोसळली तेव्हा चालियार नदीतून मृतदेहांचे अवयव निघाले. त्यांचे डीएनए नमुने घेऊन क्रमांकानिशी दफन करण्यात आले. या दोन घटनांमधील अंतर केवळ वर्षांचे नाही.

डीएनए अहवालास मात्र वेळ लागतो. रेल्वे रुळांलगत वा गोदावरीच्या पात्रात केवळ एक हात सापडला, तर बेपत्ता स्त्रियांची यादी उघडायची की पुरुषांची, हा पोलिसांपुढील पहिला प्रश्न असतो. येथे न्यायवैद्यकशास्त्रातील हस्तमापन कामी येते. मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी, तर तर्जनी व करंगळीच्या मुळांशी तळव्याची रुंदी मोजतात. पुरुषांचा हात सरासरीने लांब व रुंद असतो. दोन्ही सरासरींच्या मधला आकडा सीमारेषा मानला जातो. तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीचे गुणोत्तरही पाहिले जाते. पुरुषांत अनामिका तुलनेने लांब आढळते.

अडचण सीमारेषेच्या आसपासच्या हातांची आहे. ठेंगण्या पुरुषाचा आणि उंच स्त्रीचा हात एकाच मापात बसू शकतो. वयात न आलेल्या मुलांबाबत ही पद्धत जवळपास निरुपयोगी ठरते. पाण्यात हात फुगतो, आगीत आकसतो. शिवाय एका प्रांतातील लोकसमूहावरून काढलेली सीमारेषा दुसऱ्या प्रांताला जशीच्या तशी लावता येत नाही. ऊसतोडीवर कोयता चालविणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रीचा रुंदावलेला तळवा परप्रांतीय कोष्टकात कदाचित पुरुषाचा ठरेल. असे झाल्यास तिच्या नातलगांनी दिलेली बेपत्ता असल्याची तक्रार कोणी उघडूनही पाहणार नाही. (काचेच्या बांगड्यांचे वळ किंवा मनगटावरील गोंदण अशा वेळी कॅलिपरपेक्षा अधिक बोलके ठरते, हेही खरे.)

म्हणूनच मोजमापाचा निष्कर्ष तपासाची दिशा ठरविण्यापुरताच वापरणे इष्ट. त्यावरून कोणतीही यादी कायमची मिटवू नये. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. स्थानिक स्त्री-पुरुषांच्या हातांची, व्यवसायाच्या नोंदीसह, मापे घेऊन मराठवाड्याचे स्वतंत्र कोष्टक सिद्ध करण्यास महागडी यंत्रसामग्री लागत नाही. तथापि अंत्यविधीपूर्वी डीएनए नमुना राखून ठेवण्याला कोणतेही कोष्टक पर्याय होऊ शकत नाही.